आधी वर्षाचे धान्य, मग भाजी

शेतकऱ्याकडून थेट खरेदी करायची असे मनावर घेणारी शहरातली बहुतेक कुटुंबे भाजीपासून सुरुवात करतात, आणि माझ्या पाहण्यात तरी त्यांतल्या बहुतेकांचा उत्साह एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. टेम्पो उशिरा येतो, पालेभाजी कोमेजलेली निघते, सलग तीन आठवडे दोडकाच मिळतो आणि मग सगळे पुन्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे वळतात. शेतकऱ्यालाही ठरलेल्या गिऱ्हाइकांनी ऐन वेळी पाठ फिरवल्याचा अनुभव येतो आणि पुढच्या खेपेला तो मुकाट्याने बाजार समितीची वाट धरतो. यात कुणाच्या हेतूचा दोष नाही. आपण सुरुवातच सर्वांत अवघड मालापासून करतो, हे या अपयशाचे खरे कारण आहे असे मला वाटते. पुण्यातल्या आमच्या इमारतीतली आणि शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून गेली अनेक वर्षे ज्वारी, तूर, तांदूळ आणि कांदा थेट शेतकऱ्यांकडून घेत आलो आहोत. शेतकऱ्याशी नाते जोडायचे असेल तर ते वर्षाच्या धान्यापासून जोडावे, असे आग्रहाने सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

भाजी अवघड का, हे एका मेथीवरून कळते. मेथी पेरल्यापासून तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येते आणि एकदा आली की दोन-तीन दिवसांत उपटावी लागते, नाहीतर ती निबर होते, फुलावर येते आणि कुणी हातात धरत नाही. दहा-पंधरा गुंठ्यांत निघणाऱ्या जुड्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर बोलला जातो, तो उगाच नव्हे. आपल्या घरात मात्र आठवड्याला एक, फार तर दोन जुड्या संपतात, आणि त्याही नेमक्या मेथीच्या, कोथिंबिरीच्या नि पालकाच्या मिळून. म्हणजे एका शेतकऱ्याची एका वेळची मेथी खपवायला शंभराहून अधिक घरे एकाच दिवशी मेथीला तयार हवीत. ती तशी नसतात म्हणून अडत्या, घाऊक व्यापारी आणि हातगाडीवाला ही साखळी उभी राहिली. मोठ्या ढिगाचे लहान वाटे करणे, निवडणे, पाणी मारणे, न खपलेला माल अंगावर घेणे ही कामे ती साखळी करते. साखळी वगळली म्हणून ही कामे संपत नाहीत. ती शेतकऱ्याच्या किंवा आपल्या डोक्यावर येतात आणि दोघांनाही ती जमत नाहीत.

याविषयी रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काही शोधनिबंध प्रसिद्ध केले होते. ग्राहक जो रुपया मोजतो त्यातले शेतकऱ्याच्या हाती किती पडतात, याचा त्यांनी मालानुसार अंदाज काढला. टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के आणि बटाट्यात ३७ टक्के असे ते आकडे आहेत. डाळींचे चित्र वेगळे आहे: तुरीत सुमारे ६५, मुगात ७० आणि हरभऱ्यात ७५ टक्के. हे आकडे वाचून कुणी म्हणेल की मग शेतकरी जिथे जास्त नागवला जातो त्या भाजीतच थेट खरेदीची गरज अधिक आहे, डाळीत ती कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केला आहे. टोमॅटोच्या रुपयातले तीनपैकी जे दोन भाग शेतकऱ्याला मिळत नाहीत, ते सगळे कुणाच्या नफ्यात जात नाहीत. वाहतूक, क्रेट, हमाली, प्रतवारी आणि नासाडी यांत त्यांतला मोठा वाटा खर्ची पडतो. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के आणि पेरूची १५.८८ टक्के धरली आहे, तर तृणधान्यांची नासाडी सहा टक्क्यांच्या आत आहे. एखाद्या कुटुंबाने कितीही मनापासून ठरवले तरी टोमॅटोचा नासण्याचा धर्म त्याला बदलता येत नाही. तुरीच्या रुपयातले उरलेले पस्तीस पैसे मात्र साठवण, भरडणी, पिशवी, नाममुद्रा आणि दुकानदारी यांत जातात, आणि यातले जवळजवळ प्रत्येक काम एक घर किंवा दहा घरे मिळून करू शकतात. जो वाटा आपल्याला खरोखर उचलता येतो तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे, असे माझे मत त्यामुळे पक्के झाले.

भाजीच्या थेट विक्रीसाठी सरकारी पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्रात २०१६ च्या जुलैमध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्यावरून व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्याच सुमारास पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले आणि पुण्या-मुंबईतल्या मोकळ्या मैदानांवर शेतकरी गटांचे मांडव लागू लागले. हे बाजार मला मनापासून आवडतात आणि जमेल तेव्हा मी तिथूनच भाजी घेते. पण पंजाबातल्या १९८७ पासूनच्या ‘अपनी मंडी’शी किंवा १९९९ मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडूच्या ‘उळवर संदै’ आणि आंध्रच्या ‘रयतु बाजार’शी तुलना केली की आपले अपुरेपण दिसते. तमिळनाडूत शेतकऱ्याला छायाचित्राचे ओळखपत्र मिळते, तराजू बाजारातच मिळतो, बसण्याची कायमची जागा असते आणि घाऊक भावाहून अधिक पण किरकोळीहून कमी असा त्या दिवसाचा दर फळ्यावर लिहिलेला असतो. आपल्याकडे आठवड्यातून काही तासांसाठी मैदान मिळते, आणि तेही पुढच्या वर्षी मिळेल याची शाश्वती नसते. शिवाय शेतकरी म्हणून बसलेल्यांत यार्डातून माल उचलून आणणारे किती, हा प्रश्न उरतोच. एकाच माणसासमोर सिमला मिरची, लिंबे, बीट, आले आणि फ्लॉवर असे पंधरा जिन्नस मांडलेले दिसले की तो माल एका शेतातला नाही हे उघड असते. गटाचा गाळा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग कोणता जिन्नस कोणाच्या रानातला, हे गटातल्या माणसाला सांगता आले पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदीत तर गृहसंकुलांच्या दारात शेतकऱ्यांचे टेम्पो रांगेने उभे राहत. बाजार बंद होते, गरज दोघांनाही होती आणि मिळेल ती भाजी मिळेल त्या दराने लोक घेत होते. आता हे कायमचे झाले, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. टाळेबंदी उठली, घरपोच भाजी देणारी ॲप आली आणि ते टेम्पो एकेक करून यायचे थांबले. आमच्या भागातल्या एका संकुलाने तर फाटकाशी गर्दी होते म्हणून टेम्पोला मनाई केली. अडचणीच्या काळात ज्यांनी आपल्याला खाऊ घातले त्यांना इतक्या सहज विसरणे मला आजही खटकते. पण त्यावरून हेही समजले की केवळ गरजेपोटी जुळलेले संबंध गरज सरली की सैल होतात, आणि दर आठवड्याला नव्याने निर्णय घ्यावा लागेल अशा खरेदीवर नाते उभे राहणे कठीण असते.

धान्याचा निर्णय वर्षातून एकदा घ्यावा लागतो. आपल्याकडे वर्षाचे धान्य भरण्याची रीत होती, आणि पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही ती सांगावी लागणार नाही. होळी झाली की पुण्यातल्या वाड्यांत गव्हाची नि ज्वारीची पोती येऊन पडत. गावाकडे जमीन असलेल्यांचे धान्य घरचे असे, आणि नसलेल्यांचा कुणीतरी ठरलेला कुणबी असे, जो दर साल त्याच घरांना धान्य घालत असे. मग गच्चीवर धान्याला ऊन द्यायचे, चाळायचे, निवडायचे, गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा, कडुनिंबाचा वाळवलेला पाला थराथराने घालून कोठी भरायची, हा चैत्र-वैशाखातला मोठा उद्योग होता. ज्याला हल्ली समाजाधारित शेती म्हणून परदेशी उदाहरणे देऊन समजावले जाते, त्यातला मुख्य भाग या रीतीत होता: ठरलेला शेतकरी, ठरलेली घरे, सुगीच्या वेळी एकरकमी पैसे आणि वर्षभराचा साठा ग्राहकाच्या घरी. घरे लहान झाली, घरातल्या बायका नोकरीला लागल्या, पाच किलोची पिशवी कोपऱ्यावर मिळू लागली आणि रीत मोडली. त्या काळचे कष्ट घरातल्या बायकांवरच पडत होते, त्यामुळे जुने सगळे जसेच्या तसे परत यावे असे मी म्हणणार नाही. पण त्यातला व्यवहार मात्र आजही चोख आहे.

आमची सुरुवात ज्वारीने झाली आणि ती मंगळवेढ्याकडची ज्वारी होती. भीमा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यातल्या काळ्या, खोल जमिनीमुळे मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथली मालदांडी वाणाची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते आणि बहुतेक ठिकाणी तिला वरचे पाणी मिळतही नाही. दाणा टपोरा, गोल, मोत्यासारखा पांढरा. कणीस दुधात आले की पाखरांपासून राखण करावी लागते. फेब्रुवारीत काढणी सुरू होते आणि खरी अडचण तिथे असते, कारण ही ज्वारी बहुतांशी हाताने, मुळासकट उपटून काढतात. ताटे जाड असतात, जमीन वाळून कडक झालेली असते आणि सकाळी सुरू केलेल्या माणसाच्या तळव्यांवर दुपारपर्यंत फोड आलेले असतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, खळ्यावर आणायची आणि मळणी करायची. या कामाला मजूर मिळत नाहीत म्हणून अनेकांनी ज्वारी सोडून हरभरा धरला, आणि ज्यांना पाणी मिळाले ते उसाकडे वळले. जे टिकून आहेत ते पुष्कळदा कडब्यासाठी टिकून आहेत, कारण दावणीला जनावर असेल तर कडबा लागतोच आणि तो शेकड्याने विकलाही जातो. पाणी न मागणारे हे पीक सोलापूरसारख्या जिल्ह्यात टिकायचे असेल तर दाण्याला बरे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते देण्याची ऐपत भाकरी आवडीने खाणाऱ्या शहरातल्या घरांत नक्कीच आहे.

आमची ज्यांच्याशी गाठ पडली ते जोडपे चार एकर जिरायतीचे धनी आहे. पहिल्या वर्षी दराची बोलणी सुरू झाली तेव्हा दादांपेक्षा वहिनींनीच ती मिटवली. त्या म्हणाल्या, “ताई, दर तुमीच बोला, आमी न्हाई म्हननार न्हाई. पन एकदा ठरला की ठरला. बाजार वर गेला म्हनून आमी फोन करनार न्हाई, आन खाली आला म्हनून तुमी करायचा न्हाई.” आमचा सगळा करार आजही एवढाच आहे. दर कसा काढायचा तेही आम्ही तेव्हाच ठरवले: काढणीच्या आठवड्यात जवळच्या बाजार समितीत चांगल्या मालदांडीला मिळणारा भाव आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या दुकानातला किरकोळ भाव, या दोहोंच्या मधला आकडा. गाडीभाडे आमच्याकडे, पोती त्यांची, आणि रिकामी पोती पुढच्या गाडीने परत. अर्धे पैसे ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे डिसेंबरात, आणि उरलेले पोती उतरल्यावर. डिसेंबरातले पैसे त्यांच्या दृष्टीने दरापेक्षाही मोलाचे असतात, कारण राखण, काढणी आणि मळणी यांची मजुरी रोख द्यावी लागते आणि त्या वेळी हातउसने काढले की सुगी झाल्या झाल्या, म्हणजे भाव सर्वांत पडलेला असताना, माल विकणे भाग पडते.

स्वस्तात मिळावे म्हणून थेट खरेदी करू पाहणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करते. स्वस्त हवे असेल तर सवलतीच्या मोठ्या दुकानात ते मिळेल, कारण तिथली खरेदी शेकडो टनांची असते आणि त्या ताकदीने दर पाडून घेतलेला असतो. आम्हाला ज्वारी दुकानापेक्षा थोडी कमी पडते, काही वर्षी तितकीच पडते. पण ती कोणत्या साली, कोणत्या रानात आली हे आम्हाला ठाऊक असते. भाकरी थापताना पीठ चिरत नाही, चव गोड असते आणि पीठ फार दिवसांचे नसल्यामुळे ते कडू लागत नाही. ज्वारीचे पीठ लवकर खवट होते, म्हणून दाणे साठवून आठ-पंधरा दिवसांचेच दळून आणणे हा त्यावर उत्तम उपाय आहे, आणि तो पिशवीतले तयार पीठ घेणाऱ्याला उपलब्ध नसतो.

तुरीचा हिशेब अधिक बारकाईने मांडण्यासारखा आहे. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७५५० रुपये होता. क्विंटलभर तुरीपासून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. म्हणजे हमीभावाने तूर घेतली तरी कच्च्या मालापोटी किलोभर डाळीला शंभर ते एकशेआठ रुपये पडतात. त्यावर भरडणीची मजुरी, आणि त्यातून चुनीचे, म्हणजे भरडताना निघणाऱ्या चुऱ्याचे, मोल वजा, कारण चुनी जनावराला चालते. दुकानातल्या चांगल्या डाळीचा त्या वर्षीचा दर ज्यांना आठवतो त्यांना या दोन आकड्यांमधली जागा दिसेल. हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर आधी नोंदणी करायची, बोलावणे येईपर्यंत थांबायचे, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत न्यायचा आणि पैसे खात्यावर यायची वाट पाहायची, हे सगळे सोसणे लहान शेतकऱ्याला जमत नाही आणि तो हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला तूर घालून मोकळा होतो. अशा शेतकऱ्याकडून दहा घरांनी मिळून पाच क्विंटल तूर हमीभावाने उचलली, तर त्याचा तेवढा माल रांगेतून सुटतो. आम्ही ती गावातच भरडून घेतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळ गिरणी विदर्भात नि मराठवाड्यात अनेक बचत गटांनी बसवली आहे, आणि तशाच एका गटाच्या बायका आमची तूर तेलपाणी देऊन, उन्हात वाळवून भरडतात. या डाळीला दुकानातल्या डाळीची चकाकी नसते, थोडी टरफले राहतात, पण वरण शिजताना घरभर सुटणारा वास ओळखीचा असतो. भरडणीची मजुरीही गावातच राहते, आणि मला वाटते थेट खरेदीचा हा भाग आपण पुरेसा मोजत नाही.

तांदळाविषयी थोडक्यात. मावळातला इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला, आंबेमोहोराच्या वंशातला वाण, आणि पुण्याहून तासाभराच्या अंतरावर तो पिकतो. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचे उत्पन्न कमी निघते, म्हणून तो थोडाच पिकतो आणि त्याच्या नावाने दुसराच सुवासिक तांदूळ पुष्कळदा विकला जातो. ज्याच्या खाचरात तो उभा पाहिला आहे त्याच्याकडून घेणे हाच यावर खात्रीचा मार्ग. घेताना तांदूळ न घेता टरफलासकट भात सांगून ठेवावे आणि लागेल तसे दोन-तीन महिन्यांचे गिरणीवरून काढून घ्यावे. भात टरफलात असेपर्यंत किडीचे भय कमी असते आणि जसजसे ते जुने होते तसतसा तांदूळ मोकळा शिजतो. नवा इंद्रायणी चिकट होतो अशी तक्रार करून शेतकऱ्याला दोष देणारी मंडळी मी पाहिली आहेत. नवा तांदूळ तसाच असतो, आणि गुरगुट्या भाताला तोच लागतो.

एवढे पैसे एकदम कुठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येक नव्या घराकडून येतो आणि तो अगदी खरा आहे. पगार महिन्याला येतो आणि किराणाही महिन्याचा भरायची सवय आहे. यावर आमच्यातल्या एका मावशींनी सुचवलेला उपाय इतका सोपा होता की तो आधी कसा सुचला नाही याचे नवल वाटले. बायकांच्या भिशीसारखी त्यांनी धान्याची भिशी लावली. आषाढापासून दर महिन्याला प्रत्येक घराने आपल्या मागणीप्रमाणे ठरलेली रक्कम भरायची, डिसेंबरात त्यातून शेतकऱ्यांची उचल द्यायची आणि सुगीला उरलेला हिशेब मिटवायचा. फिरत्या विक्रेत्याचे आणि घरकाम करणाऱ्या ताईंचे घरही यात आहे, तेही पूर्ण पोत्याऐवजी अर्ध्या कट्ट्याचे वाटेकरी म्हणून. ज्यांना जागा नाही त्यांचे धान्य ज्यांच्याकडे मोकळी खोली आहे त्यांच्याकडे राहते. थेट खरेदी हा सुखवस्तू घरांचा छंद होऊन बसू नये असे मला कळकळीने वाटते, आणि भिशीमुळे ते बऱ्याच अंशी साधले आहे.

अडचणी येतात. नमुना एक आणि पोत्यात दुसरेच असे एकदा झाले, एका मध्यस्थ संकेतस्थळावरून ‘थेट शेतातून’ म्हणून मागवलेल्या गव्हाच्या बाबतीत. तेव्हापासून ज्या शेतकऱ्याला आमच्यातल्या कुणीही भेटलेले नाही त्याच्याकडून काही घ्यायचे नाही असा नियम झाला. पाऊस काळ्या रानावर रुसतो त्या वर्षी ज्वारी निम्मीच येते आणि ती सगळ्या घरांत निम्मी-निम्मी वाटावी लागते. अशा वेळी उचल परत मागायची नाही, पुढच्या सुगीत वळती करायची, हेही आम्ही आधीच बोलून ठेवले आहे. ज्याला हे पटत नाही त्याने दुकानातून घ्यावे, त्यात काही गैर नाही. धोक्यातला काही भाग आपण उचलणार नसू तर मात्र ‘माझा शेतकरी’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी स्पष्टच सांगते.

धान्याच्या पाठोपाठ टिकाऊ जिनसा आपोआप येतात. कांद्यात उन्हाळ कांदा तेवढा घ्यावा. चैत्र-वैशाखात निघणारा हा कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, टिकत नाही. घरी आणल्यावर पोत्यात कोंडून न ठेवता हवेशीर जागी पसरावा, आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला काढून टाकावा. गूळ, हळद, शेंगदाणे यांचेही असेच. फळांत मी पुरंदरच्या अंजिरांपासून सुरुवात करायला सांगेन. झाडावर पिकलेले अंजीर दोन दिवसांत उतरू लागते, त्यामुळे खरे पिकलेले अंजीर पुण्याच्या आसपासच्यांनाच खायला मिळते आणि लांबच्या बाजारासाठी ते आधीच तोडावे लागते. हिवाळ्यातला खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडचा मीठा बहार, दोन्ही वेळा सासवडच्या बाजूचा एक तरुण पहाटे तोडून सकाळी आठपर्यंत आमच्याकडे पाट्या पोचवतो. आदल्या संध्याकाळी मागणी कळवायची आणि एकदा कळवली की मोडायची नाही, एवढीच अट.

आणि मग भाजी. तीन-चार सुगींनंतर आमच्यातल्या काही घरांनी खेड शिवापूरच्या बाजूच्या एका शेतकरी गटाकडून आठवड्याची टोपली सुरू केली आणि ती अजून चालू आहे. टोपलीत काय असेल ते गट ठरवतो, आम्ही नाही. गटातली माणसे दर आठवड्याला थोडे थोडे पेरतात, एकाची मेथी तर दुसऱ्याचा चाकवत असे वाटून घेतात, आणि तेव्हा कुठे शेकडा जुड्यांचे गणित आमच्या घरांच्या मापात बसते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पार गेला तेव्हा गटाने ठरलेल्या दराने तो दिला, आणि पुढे त्याच वर्षी भाव कोसळून शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते तेव्हा आम्हीही ठरलेलाच दर दिला. हे शब्दाला जागणे आधीच्या वर्षांतल्या ज्वारीने आणि तुरीने शिकवलेले होते. नवख्या माणसांत, नवख्या शेतकऱ्याशी, ते पहिल्याच उन्हाळ्यात जमले असते असे मला वाटत नाही.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या ओळखीतून, गावाकडच्या नातेवाइकांतून किंवा आठवडे बाजारात गटाच्या गाळ्यावर बसणाऱ्या माणसाकडून एक शेतकरी शोधावा आणि त्याच्या रानात जाऊन यावे. हुरड्याचे दिवस याला फार चांगले, कारण तेव्हा ज्वारी उभी असते आणि घरची माणसे निवांत बोलतात. पाच-सात घरांहून अधिक जमवू नयेत. पहिल्या वर्षी एकच जिन्नस घ्यावा, घरी लागतो त्याच्या निम्माच. पोती उतरण्याच्या दिवशी प्रत्येक घरातले एक माणूस हजर असावे, वजनकाटा आपला असावा आणि वजन शेतकऱ्याच्या समोर करावे. ऊन द्यायला गच्ची मागून ठेवावी, दोन कडक उन्हे पुरतात, आणि दाणा दाताखाली कट् वाजला की कोठी भरायला घ्यावी. कडुनिंबाचा पाला मात्र सावलीत वाळवलेलाच घालावा, ओलसर राहिला तर धान्याला बुरशी धरते.